बिमोटा दुसऱ्यांची इंजिने वापरते, तरी तिचा एवढा दबदबा का?

कारण इटलीतील रिमिनीच्या या मोटारसायकल कंपनीचे खरे कसब चॅसीमध्ये, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात आहे. बियांकी, मोरी आणि तांबुरिनी या संस्थापकांच्या आडनावांवरून नाव पडलेली बिमोटा मुळात हीटिंग व वातानुकूलनाची कामे करीत असे. १९७२ मध्ये मिझानोच्या ट्रॅकवर होंडा सीबी ७५० मोटारसायकलवरून पडून जायबंदी झालेल्या तांबुरिनींनी त्याच इंजिनाभोवती स्वतःची चॅसी घडवली आणि कंपनीची दिशाच बदलली. १९९० च्या ‘तेसी १डी’ या मोटारसायकलला तर पुढे नेहमीचा फोर्कच (चाक धरणाऱ्या दोन नळ्या) नाही: चाक स्विंगआर्मवर (वरखाली हलणाऱ्या आडव्या भुजेवर) बसते, हँडलची हालचाल जोडदांड्यांतून हबपर्यंत (चाकाच्या मध्यापर्यंत) पोहोचते आणि त्यामुळे ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग फारसा खचत नाही. (इटालियनमध्ये तेसी म्हणजे प्रबंध; ही कल्पना अभियंते पिएरलुईजी मार्कोनी यांच्या विद्यापीठीय प्रबंधातली.) आजच्या तेसी एच२ मध्ये कावासाकीचे सुपरचार्ज्ड (दाबाने जादा हवा भरणारे) ९९८ सीसी इंजिन आहे.