खिळ्यांची मूर्ती आणि सासूबाईंची भीती

प्रश्न : माझे सासरे बोटीवर होते. १९७४ साली काँगो नदीवरच्या मताडी बंदरातून त्यांनी हातभर उंचीची लाकडी मूर्ती आणली. अंगभर खिळे ठोकलेले, पोटावर आरशाचा तुकडा. आता चाळ रिकामी करायची म्हणून माळा आवरला, तर ती गोणपाटात सापडली. सासूबाई म्हणतात, ‘ही करणीची बाहुली, दादरच्या चौपाटीवर सोडून ये.’ काय करू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : चौपाटीवर मुळीच नेऊ नका. आधी सासूबाईंशी बोलू.

करणीच्या बाहुलीत टाचणी टोचतात ती कुणाला तरी इजा व्हावी म्हणून. इथे खिळ्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. काँगो लोकांच्या भाषेत अशा शक्तीच्या वस्तूला ‘एन्किसी’ म्हणतात आणि खिळेवाल्या उग्र प्रकाराला ‘एन्कोंडी’, म्हणजे शिकारी. दोघांचं भांडण मिटलं, करार झाला की त्याच्यासमोर शपथ घ्यायची आणि खिळा किंवा पातं ठोकायचं. आधी ते जिभेला लावायचं, नाहीतर त्याला चिंधी बांधायची, म्हणजे शपथ कुणाची हे शिकाऱ्याला कळतं. घाव बसला की तो चवताळतो आणि शब्द मोडणाऱ्याच्या मागे लागतो. चोर शोधायलाही त्याला असंच उठवत. आमच्या सिंधुदुर्गात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात ना, तसंच समजा; फक्त ते तोंडी असतं, इथे प्रत्येक गाऱ्हाण्याचा खिळा मागे राहतो. मूर्ती कसली, ते अख्खं कोर्टाचं दप्तर.

सासूबाईंना पटेल ती गोष्ट पुढेच आहे. सुतार घडवतो ते नुसतं लाकूड. त्यात जीव आणणारा माणूस वेगळा, त्याला ‘न्गांगा’ म्हणतात. तो पोटातल्या किंवा डोक्यातल्या खोबणीत ‘बिलोंगो’ भरतो : थडग्यावरची माती, पांढरी माती, बिया, मुळ्या. त्यातल्या कितीतरी जिनसा केवळ नावावरून निवडलेल्या, जे काम करून घ्यायचं त्या शब्दाशी जुळणाऱ्या. (कोटी करून देव जागा करायचा, ही कल्पना मला फार आवडते.) मग खोबणी राळेने बंद करून वर आरसा किंवा कवडी. आरसा म्हणजे पाण्याची चकाकी, पलीकडे मेलेल्यांचं जग. पेणच्या कारखान्यातला गणपती प्राणप्रतिष्ठेआधी मातीचाच असतो, तसंच हे. आणि युरोपियनांच्या हाती मूर्ती देण्याआधी बऱ्याचदा बिलोंगो काढून घेत, म्हणजे उत्तरपूजा उरकूनच पाठवणी. तिकडच्याच शास्त्राप्रमाणे ती मग रिकामी.

भीतीचा हा वारसा आपल्याकडे मिशनऱ्यांच्या वाटेनेही आला असावा. त्यांनी अशा मूर्ती जाळल्या, उचलून नेल्या. पोर्तुगिजांनी तर सरसकट ‘फेइतिसो’, म्हणजे जादूटोणा, असं नाव ठेवलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००८ मध्ये घेतलेला ‘मांगाका’ मी पाहिला आहे. एन्कोंडींमधला हा सर्वांत जबरदस्त. जवळजवळ चार फूट उंच, पुढे झुकलेला, हात कमरेवर, अंगात लोखंडाचं जंगल. लाकडी वस्तूंची निगा राखण्यात ३१ वर्षं काढलेली मी, काचेपासून नकळत पाऊलभर मागे सरले. तेव्हा सासूबाईंना हसू नका.

तुमची मूर्ती मात्र बहुधा खलाशांना विकण्यासाठीच घडवलेली असेल. एक खूण सांगते. खिळे सगळे एका मापाचे, एकसारखे गंजलेले असतील, तर ते एका दुपारी एकाच हाताने ठोकलेत. जुन्या मूर्तीत खिळा, स्क्रू, पातं, पाचर असं सगळं कडबोळं असतं, कारण प्रत्येक प्रकरण वेगळ्या दिवसाचं.

खिळे उपटू नका. खोबरेल, पॉलिश काही लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, खाली बारीक पिवळट भुकटी पडत असेल तर लाकूड पोखरतंय असं समजा. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक नको, पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो. आणि नव्या घरी जाण्याआधी पोटाच्या आरशाचा जवळून फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. राळ दिसते का, ते मला बघायचंय.