वाचक विचारतात : सिस्टरांच्या नावाने काय करावे?

प्रश्न : आमच्या कॉन्व्हेंट शाळेत वर्षानुवर्षे गणित शिकवणाऱ्या आणि पुढे मुख्याध्यापिका झालेल्या सिस्टर यंदा देवाघरी गेल्या. आम्ही माजी विद्यार्थिनींनी ४ लाख रुपये जमवले आहेत. काहींना शाळेत अर्धपुतळा हवा आहे, काहींना दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी पारितोषिक. काय करावे?
– माजी विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : पुतळा नको. पारितोषिकही शक्यतो नको. धर्मभगिनी दारिद्र्याचे व्रत घेतात आणि त्यांचा पगारसुद्धा त्यांच्या धर्मसंघाकडे जमा होतो. जिने जन्मभर स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही, तिच्या नावाने संगमरवर उभा करणे तिच्या जगण्याशी जुळत नाही. आणि पहिल्या येणाऱ्या मुलीला शाबासकी तशीही मिळतेच. सिस्टरांचा वेळ बहुधा शेवटच्या बाकावरच्या मुलींमागे जास्त गेला असेल. पैसा तिकडे जावा.

नमुना म्हणून सिस्टर सिरिल मूनी यांचे काम समजून घ्या. आयर्लंडमधल्या ब्रे गावी १९३६ साली जन्मलेल्या या लोरेटो संघाच्या सिस्टर १९५६ मध्ये भारतात आल्या. १९७९ मध्ये त्यांच्याकडे कोलकात्याच्या सियालदह भागातल्या लोरेटो शाळेची धुरा आली. फी भरणाऱ्या मुलींच्या बरोबरीने त्यांनी बिनफीच्या मुली घ्यायला सुरुवात केली आणि पुढे हे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे झाले. १९८५ पासून रेल्वे स्थानकावरची आणि फूटपाथवरची मुले त्याच इमारतीत येऊन शिकू लागली. या वर्गाला नाव दिले ‘रेनबो’. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

रेनबोत शिकवायच्या त्या शाळेतल्याच मोठ्या मुली, आणि तेही एका मुलामागे एक. हे काम कार्यानुभवाच्या तासात, वेळापत्रकातच बसवलेले होते. मूल सवड मिळेल तेव्हा येई, जिथे होते तिथून पुढे शिके आणि वयाच्या वर्गाइतकी तयारी झाली की नियमित शाळेत जाई. नापास होण्याची सोय नव्हती, कारण इयत्ताच नव्हती. या पद्धतीला नवी इमारत लागत नाही, जास्तीचे शिक्षक लागत नाहीत. लागतो तो मुख्याध्यापिकेचा होकार आणि वेळापत्रकातली जागा.

ठाण्यात मुले शोधायला लांब जावे लागणार नाही. घोडबंदर रस्त्याच्या बांधकामांवर, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांत ती आहेत. दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे येतात, त्यांचीही मुले आहेत. सुरुवात १५ मुलांनी करा, आठवड्यातून दोन दुपारी. शिकवणे चाळीस मिनिटे, त्यानंतर खाऊ. त्याहून जास्त वेळ सहावीतली मुलगी शिकवू शकत नाही आणि सात वर्षांचे मूल बसू शकत नाही.

असे वर्ग मोडतात ते जोड्या बदलल्यामुळे. दर आठवड्याला नवी ताई आली की मूल पुन्हा ‘क’पासून सुरू करते आणि तिसऱ्या खेपेला यायचे थांबते. एक मूल, एक ताई, पूर्ण सत्रभर, असे ठरवून टाका आणि प्रत्येक जोडीची एक वही ठेवा. ताई आजारी पडली तर बदलीवर येणाऱ्या मुलीला वही बघून पुढे जाता येते. नववी-दहावीच्या मुली घेऊ नका, परीक्षा जवळ आली की त्या निघून जातात. सहावी ते आठवी योग्य. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला आणि दोन अंकी वजाबाकी करायला द्या. सुरुवात वयावरून नको, यावरून ठरवा. घरी हिंदी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांशी निदान महिनाभर तोंडी मराठी बोला, मगच वाचनाला लावा.

जुने कपडे वाटू नका. कपडे वाटले की शिकवणारी मुलगी दात्री होते, शिकणारा याचक, आणि जोडी तिथेच संपते. खाऊ मात्र दोघींनी एकत्र बसून खावा. खोलीत नेहमी दोन मोठी माणसे हवीत, आईवडिलांची लेखी संमती हवी आणि मुलांचे फोटो कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नयेत. यात सवलत नाही.

शेवटचा टप्पा प्रवेशाचा, आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो. ६ ते १४ वयाच्या मुलाला महापालिकेच्या शाळेत त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. जन्मदाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून थांबवताही येत नाही. पालकांबरोबर कोणीतरी जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तुमच्या कॉन्व्हेंट शाळेला मात्र याच कायद्यातल्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांची सक्ती नाही, कारण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. सिस्टर सिरिल यांच्याकडेही कायद्याने कोणी मुले पाठवली नव्हती. तुमची शाळा आपण होऊन दोन-चार जागा देत असेल तर त्याहून चांगले स्मारक आम्हाला सुचत नाही.

प्रश्न : वरच्यासारखाच निधी आम्हीही जमवत आहोत. तो बँकेत ठेवून फक्त व्याजावर काम चालवावे का? काही मैत्रिणी अमेरिकेतून पैसे पाठवणार आहेत.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : हिशेब मांडून बघा. ४ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला २८ हजार येतात. १५ मुलांच्या वर्गाला खाऊ माणशी २० रुपये, आठवड्यातून दोनदा, ३५ आठवडे म्हणजे २१ हजार. वह्या-पाट्या, पुस्तके मुलामागे ५०० धरली तर साडेसात हजार. व्याज इथेच संपले. मुलांना आणणाऱ्या-पोचवणाऱ्या बाईंना दहा महिने ५ हजार द्यायचे तर आणखी ५० हजार. एकूण साडेअठ्ठ्याहत्तर हजार. म्हणजे मुद्दल वापरली तर ४ लाखांत पाच वर्षे नीट काम होते. आमचे स्पष्ट मत : पाच वर्षांत खर्च करा. त्या काळात काम लोकांच्या डोळ्यांना दिसले तर पुढचे पैसे येतात.

म्हणूनच देणगीपत्रात ‘कायम निधी’ किंवा ‘कॉर्पस’ हे शब्द घालू नका. ते घातले की मुद्दल अडकते. त्याऐवजी उद्देश, मुदत, खर्चाला लागणाऱ्या दोन सह्या आणि उरलेल्या पैशांचे काय करायचे, हे चार मुद्दे लिहून रक्कम शाळा चालवणाऱ्या न्यासाकडे द्या. एखाद्या मैत्रिणीच्या बचत खात्यात पैसे साठवू नका, व्याज तिच्या उत्पन्नात धरले जाते आणि पुढे मैत्रीत हिशेब शिरतो. देणगी बँकेतूनच द्या, २ हजारांहून अधिक रोख रकमेला करसवलत नाही.

अमेरिकेतल्या मैत्रिणींचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या मैत्रिणीची ठरते, मग तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) असले तरी. तो पैसा ज्या न्यासाकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आहे त्यालाच, आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्याच्या खास खात्यातच घेता येतो. तो ठाण्यातल्या भावाच्या खात्यावर मागवून पुढे देणे नियमबाह्य आहे आणि त्याचा त्रास शाळेला होतो.

प्रश्न : सिस्टरांसाठी मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) ठेवायची आहे. आमच्यातल्या बहुतेक जणी ख्रिस्ती नाहीत. काय पाळावे?
– वाशी, नवी मुंबई

उत्तर : सर्वांना येता येते. पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात नाव आणि तारीख आधी नोंदवा, त्यासोबत यथाशक्ती अर्पण देतात. रविवार आणि मोठे सण टाळून साधा वार मागा. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात वेदीवर फुले ठेवत नाहीत, म्हणून हार-गुच्छांची ऑर्डर देण्यापूर्वी विचारा. फोटो वेदीवर नको, बाजूच्या टेबलावर ठेवा. कम्युनियन (मिस्सेत दिला जाणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) फक्त कॅथलिकांनी घ्यायचे असते, बाकीच्यांनी जागेवर बसून राहिले तरी चालते. आठवणी सांगायच्या असतील तर प्रवचनाच्या जागी नाही, कम्युनियननंतरच्या प्रार्थनेनंतर, एकीनेच आणि तीन-चार मिनिटे. जास्त बोलायचे असेल तर नंतर शाळेच्या हॉलमध्ये जमा. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी सिमेटरीत मेणबत्ती लावायलाही जाता येते.

प्रश्न : सिस्टरांवर छोटी पुस्तिका काढायची आहे, पण शाळेत माहितीच मिळत नाही.
– ऐरोली

उत्तर : शाळेत मिळणार नाही. सिस्टरांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात आणि त्यांची नोंद संघाच्या प्रांतीय मठात असते. तिथे पत्र लिहून जन्माचे नाव, गाव, पहिल्या व अंतिम व्रताची तारीख आणि नेमणुकांची यादी मागा. काही संघांत व्रताच्या वेळी नाव बदलत असे, म्हणून जुनी कागदपत्रे दोन्ही नावांनी शोधा. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून ते ओढून काढू नका, निघत नसतील तर पानासकट स्कॅन करा. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कारण पेनाची शाई पुढे उमटते. आठवणी मागताना ‘सिस्टर कशा होत्या?’ असे विचारले तर ‘प्रेमळ, शिस्तप्रिय’ एवढेच मिळेल. ‘गृहपाठ केला नाही तर त्या काय करत?’, ‘फी थकली तेव्हा काय झाले?’ असे विचारा. फी थकलेल्या मुलीचे नाव मात्र तिच्या परवानगीशिवाय छापू नका.