डूम इटर्नलचा अल्बम : दोष तुमच्या हेडफोनचा नाही

'डूम इटर्नल' हा राक्षसांवर गोळीबार करण्याचा व्हिडिओ गेम खेळताना अंगावर येणारं संगीत त्याच्या अल्बममध्ये सपाट आणि कर्कश का वाटतं, आणि महागडा हेडफोन घेतला तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. फरक पडणार नाही. उलट चांगल्या हेडफोनवर दोष जास्तच उघडे पडतील.

गेम २० मार्च २०२० ला आला, अल्बम साधारण महिनाभराने. ट्रॅक तब्बल ५९. नाव संगीतकार मिक गॉर्डनचं असलं, तरी त्याने स्वतः मिक्स केलेले (म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून अंतिम रूप दिलेले) ट्रॅक मोजकेच, हे त्यानेच तेव्हा सांगितलं होतं. त्यांत 'मीटहुक' आणि 'कमांड अँड कंट्रोल' ही नावंही घेतली होती. गेम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअर कंपनीचा निर्माता मार्टी स्ट्रॅटन याच्या मे २०२० मधल्या जाहीर पत्रानुसार बाकीचे ट्रॅक कंपनीत आवाजाचं काम करणाऱ्या चॅड मॉसहोल्डरने, गॉर्डनने गेमसाठी दिलेल्या तुकड्यांवरून जुळवले. खरी गोम या 'तुकड्यां'त आहे.

अशा गेममध्ये गाणं सलग नसतं. लढाई पेटली की जोरकस तुकडा, शत्रू संपले की संथ, आणि बदल मात्रेच्या हिशोबाने. बंदुकांच्या गदारोळात ऐकू यावेत म्हणून हे तुकडे आधीच कॉम्प्रेस केलेले, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी केलेले असतात. तेच जोडून वर पुन्हा लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणारं साधन) दाबला की ध्वनिलाटांची टोकं छाटली जातात. किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका दणकट वाटायचा तर तो क्षणभर गिटारच्या वर उठायला हवा. इथे गिटारच शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेला टेकलेली, मग किक उठणार कुठे? ठोक्याऐवजी फक्त चरचर उरते. (डिस्टॉर्शन लावलेली गिटार चरचरतेच की, असं कुणी म्हणेल. ती चरचर गिटारपुरती असते. इथे झांजा, सिंथ, ड्रम सगळ्यांवर एकच खरखर चढते.)

स्वतः तपासून बघा. आधीच्या, २०१६ च्या 'डूम' गेमच्या अल्बममधला 'बीएफजी डिव्हिजन' आणि या अल्बममधला 'बीएफजी २०२०' ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये वरखाली ठेवा. पहिल्यात चढउतार दिसतील, दुसऱ्यात जवळपास वीट. व्ह्यू मेनूतून 'शो क्लिपिंग' चालू केलं की कापलेल्या जागा लाल होतात. मग दोन्हींना लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून उणे १८ लुफ्सवर (LUFS, कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणा आणि तेव्हाच तुलना करा. ही पायरी गाळू नका, कारण मोठा आवाज कानाला आधी नेहमी चांगलाच वाटतो. पातळी सारखी झाली की नवा ट्रॅक किती पोचट आहे ते कळतं.

ऑडॅसिटीतल्या 'क्लिप फिक्स'ने दुरुस्ती होईल का? थोडीशी. तो इफेक्ट कापलेलं टोक आजूबाजूच्या लाटेवरून अंदाजाने काढतो. एखाददुसरं टोक गेलं असेल तर जमतं. मिनिटभर सलग छाटलेलं असेल तर अंदाजाला आधारच नसतो. आवाज नुसता कमी करून तर काहीच परत येत नाही.

दुसरा दोष जोडणीचा, आणि तो मला जास्त खटकतो. गेममध्ये तुकडा बदलताना वर स्फोट असतो, राक्षसाची किंकाळी असते, सांधा लपतो. अल्बममध्ये तो उघडा पडतो. काही ठिकाणी मात्रा तुटल्यासारखी वाटते, डोलणारी मान मधेच चुकते. शिवाय गाणं सलग रचलेलं नसून तुकडे एकापुढे एक मांडलेत, म्हणून चढत जाऊन कळसाला पोचणं नाही.

चूक कुणाची, यावर मात्र लाटांचा आलेख पुरावा ठरत नाही. स्ट्रॅटनच्या पत्राला गॉर्डनने नोव्हेंबर २०२२ मध्ये सविस्तर उत्तर दिलं आणि दोघांच्या हकिकती जुळत नाहीत.

अल्बम ऐकायचाच तर 'मीटहुक' आणि 'कमांड अँड कंट्रोल'पासून सुरुवात करा. बाकीच्यांसाठी गेमच्या सेटिंगमध्ये इफेक्टचा आवाज पाव भागावर आणा, संगीताचा पूर्ण ठेवा आणि लढाई मुद्दाम लांबवा. तुकडे तिथे योग्य मात्रेवर बदलतात.