ते नऊ पेपर आधी उघड

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. त्या १९६८ च्या पेपरचा संदर्भ देणारे नऊच पेपर गूगल स्कॉलर दाखवतं, एकही शीर्षक विषयाशी जुळत नाही, म्हणजे पुढे काही कामच झालेलं नाही, असं तू लिहितोस. नऊपैकी उघडलेस किती? खरं सांग.

मीही हेच केलं होतं. पीएचडीच्या दिवसांत ग्रंथालयात सायटेशन इंडेक्सचे, म्हणजे कोणत्या पेपरला कोणी संदर्भलंय त्या सूचीचे, जाडजूड खंड चाळले. अकरा नोंदी मिळाल्या. नियतकालिकांची नावं भलत्याच शाखांची दिसली आणि मी वही मिटली. दोन वर्षांनी परीक्षकाने माझा मुख्य निकाल परत पाठवला. सातव्या नोंदीतल्या पेपरात, एका लेमाच्या (सहायक प्रमेयाच्या) पोटात, तो माझ्याहून व्यापक रूपात सिद्ध केलेला होता. तेव्हा बाहेरून प्रत मागवायला महिना लागायचा, मार्गदर्शकांनीही कधी टोकलं नाही आणि मी आळशी तर मुळीच नव्हतो. तरी पेपर उघडला नव्हता, हे उरतंच.

म्हणून उघड. प्रत्येकाच्या मजकुरात त्या १९६८ च्या पेपरचा संदर्भ कुठे आलाय ते शोध आणि तेवढा परिच्छेद नीट वाच. प्रस्तावनेत नुसतं नाव घेतलंय, की सिद्धतेत खरंच वापरलंय? वापरलं असेल तर आता त्या पेपरला कोणी संदर्भलंय ते बघ. झेडबीमॅथ ही गणिताच्या पेपरांची सूची २०२१ पासून सगळ्यांना खुली आहे, तिथली परीक्षणंही वाच. मूळ पेपर रशियन असेल तर मूळ आणि इंग्रजी भाषांतर, दोन्ही नावांनी शोध, कारण संदर्भ दोन्हीकडे विखुरतात.

यादीला भोकं असतात, हेही धरून चाल. सरळ रेषांवरच्या इंटिग्रल्सवरून, म्हणजे रेषेवरच्या किमतींच्या बेरजांवरून, मूळ फलन परत कसं मिळवायचं, हे योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ मध्ये दाखवलं. अ‍ॅलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाने १९६३-६४ मध्ये क्ष-किरणांसाठी तेच गणित नव्याने उभं केलं. राडोनचं काम त्याला कित्येक वर्षांनी कळलं. मग राडोनला संदर्भ देणाऱ्यांत कॉर्मॅकचे ते पेपर सापडतील कसे? दोघांनाही ओळखणारा तिसरा पेपर उघडलास, तरच दुवा जुळतो. शीर्षकं चाळून नाही जुळत!

रागावलोय असं वाटू देऊ नकोस. तुझा प्रश्न चांगला आहे, म्हणूनच जीव तुटतो. शनिवारी ये. नऊही पेपरांच्या प्रती आण, प्रत्येकात संदर्भाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली हवी.