दक्षिणावर्ती शंख खरंच उजव्या वळणाचा असतो का?

नाही, प्राणिशास्त्राच्या व्याख्येनुसार तो डाव्या वळणाचा असतो. शास्त्रज्ञ शंखाचं टोक (जिथून पीळ सुरू होतो ते) वर आणि तोंड स्वतःकडे धरतात. तोंड उजवीकडे दिसलं तर शंख उजवा. आपल्या परंपरेत टोक खाली धरतात, म्हणून नाव नेमकं उलटं पडतं. पीळ मात्र शंख कसाही फिरवला तरी बदलत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाचंही, म्हणजे जमिनीतल्या लांबलचक भेगेचंही, तसंच: कोणत्याही काठावर उभे राहा, पलीकडची जमीन उजवीकडेच सरकलेली दिसते.

पूजेतला शंख टर्बिनेला पायरम या जातीचा. ती जवळजवळ नेहमी उजव्या वळणाचीच असते, डावा नमुना फारच दुर्मीळ. हे वळण ठरतं गर्भ अवघ्या काही पेशींचा असताना, पेशी कोणत्या दिशेला तिरक्या विभागतात त्यावरून. गोड्या पाण्यातल्या लिम्निया गोगलगायीत तर पिल्लाचं वळण त्याच्या स्वतःच्या नाही, आईच्या जनुकांवर ठरतं! 2019 साली जपानी संशोधकांनी त्यातलं एकच जनुक निकामी केलं आणि उजव्या जातीत डावी पिल्लं जन्मली. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो.

एक सावधगिरी: ‘दक्षिणावर्ती’ म्हणून विकले जाणारे कित्येक शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लाइटनिंग व्हेल्क या समुद्री गोगलगायीचे असतात. ती जात मुळातच डावी, त्यामुळे त्यात दुर्मीळ काहीच नाही. तोंडाच्या आत मधल्या खांबावर तीन-चार ठळक घड्या दिसल्या नाहीत, तर तो आपला शंख नव्हे.