पूर किंवा साथीत रस्ते बंद झाले तर व्यसनमुक्तीची गोळी गावी कशी मिळणार?

तुम्ही विचारलंय की भाऊ मुंबईत ब्राउन शुगर सोडून ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनमुक्तीच्या गोळीवर आहे, गणपतीला गुहागरला येतोय, आणि मधेच चिपळूणसारखा पूर किंवा कोरोनासारखं काही झालं तर गोळीचं काय. बरं झालं आधी विचारलंत, आम्ही सगळं झाल्यावर विचारत बसलो होतो.

माझा मावसभाऊ २०२० च्या शिमग्याला आला, १५ दिवसांच्या गोळ्या घेऊन. पालखी घरी यायची होती म्हणून थांबला, मग २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ ला ऐन पाडव्याला लॉकडाऊन, एसटी बंद, रेल्वे बंद. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, गुपचूप गोळी अर्धी करून घ्यायला लागला. आम्हाला संशय आला तो जांभयांमुळे. दिवसभर नुसत्या जांभया, नाक गळतंय, एप्रिलच्या उकाड्यात अंगावर गोधडी आणि हातावर काटा असा की सोललेल्या कोंबडीची कातडी बघावी. रात्री पाय झाडायचा, खाटेचा आवाज माजघरापर्यंत यायचा.

त्यात तो मुंबईवाला. वाहतं नाक बघून शेजारून कुणीतरी ग्रामपंचायतीत कळवलं आणि माणसं दारात, शाळेत क्वारंटाइन करतो म्हणून. कोरोना नाही हे पटवायचं तर टर्की लागलीये, म्हणजे गोळी कमी पडल्याने अंग त्रास देतंय, हे सांगावं लागणार, मावशीने तोंड उघडलं नाही. दोन रात्री तो सातवीच्या वर्गात बाकं जोडून पडला होता, जुलाब आणि उलट्या, आणि बाकीचे चाकरमानी त्याच्यापासून लांब व्हरांड्यात. तिसऱ्या दिवशी मी आशाताईंना गाठून सगळं सांगून टाकलं. मला वाटलेलं गावभर होणार, तर त्या म्हणाल्या, "अरे मग आधी नाय बोलायचं?" आणि तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन.

आता अडचण कुठे होती ते सांगतो कारण ती अजून तशीच येऊ शकते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे ही गोळी नव्हती, त्यांनी उलटीचं औषध आणि सलाइन दिलं. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने नाव ऐकून मलाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले फोनवरून लिहून देता येत नाही. खरंच होतं ते, २५ मार्च २०२० लाच टेलिमेडिसिनचे नियम आले पण एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं त्यातून बाहेर ठेवली होती आणि ब्युप्रेनॉर्फिन त्यातच येतं. व्यसन सोडवायला अशी गोळी देणाऱ्या सरकारी ओएसटी सेंटरांनी तेव्हा रोज समोर गोळी देण्याऐवजी काही दिवसांची घरी न्यायला द्यायला सुरुवात केली, पण त्यासाठी सेंटरच्या जवळ तर असायला हवं ना. अमेरिकेत त्याच मार्चमध्ये बरा चाललेल्या पेशंटला २८ दिवसांचं मेथाडोन, म्हणजे असंच व्यसनमुक्तीचं दुसरं औषध, घरी न्यायची मुभा दिली, म्हणजे मनात आणलं तर होतं.

शेवटी पोलिसांचा पास काढून आंब्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून तो जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, जुनं प्रिस्क्रिप्शन कुठंय? ते परळच्या खोलीवर. मग व्हॉट्सॲपवर फोटो येईपर्यंत तीन तास बाहेर उन्हात.

म्हणून तुमच्या भावाला निघायच्या आधी डॉक्टरांकडून पत्र घ्यायला सांगा, त्यात आजार, गोळीचं नाव, डोस, शेवटची कधी दिली, डॉक्टरांचा नंबर. फोटो तुमच्याही मोबाइलमध्ये असू दे. राहण्याच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या मिळतात का विचारा, सगळे देतीलच असं नाही, पण कारण सांगितलं की ऐकतात. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, सिव्हिल आहे, तिथे आत्ताच फोन करून ही गोळी मिळते का ते विचारून ठेवा, पूर आल्यावर नाही. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, १४४१६ टेली मानस ही मानसिक आरोग्याची, दोन्ही फुकट. पोलिसांची भीती वाटत असेल तर एनडीपीएसचं कलम ६४ए वाचा, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात काही अटींवर खटल्यापासून सूट आहे.

गोळी संपलीच तर घरच्या घरी "आता सुटलीच आहे तर सोडून टाक" असं कुणी म्हणेल, आमच्याकडे मामा म्हणाले होते. नका ऐकू. खंड पडला की शरीराची सवय उतरते आणि मग कुणी जुन्याच मापाने पावडर ओढली तर श्वास थांबतो, माणूस त्यातच जातो. झोपेच्या गोळ्या आणि दारू तर त्यावर अजिबात नको. हाक मारून उठत नाहीये, ओठ निळे पडलेत, श्वास अडखळतोय असं दिसलं तर लगेच १०८, आणि काय घेतलंय ते खरं सांगा, त्यावर नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. मधे पावडर घेतली असेल तर गोळी परत आपल्या मनाने सुरू करायची नाही, चुकीच्या वेळी घेतली तर उलट टर्कीच जोरात लागते.

गोळ्या झिपच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत काय काय भिजलं ते आम्ही बघितलंय. आणि डॉक्टरांना फोन लवकर करा, गणपतीच्या आठवड्यात तेसुद्धा गावी गेलेले असतात.