स्वस्त मिररलेसमध्ये कात्री कुठे लागते?

वाचकांचे प्रश्न : कॅमेरा

प्रश्न : कॅननच्या आर१०० आणि आर५० या दोन्ही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत २४ मेगापिक्सेलचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) आहे. मग आर१०० एवढा स्वस्त कसा? शिकण्यासाठी तो पुरेल का? (सांगली)

फोटोंपुरता नक्की पुरेल. चांगल्या उजेडात दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा हे सांगणं कठीण. कात्री लागली आहे ती सेन्सरच्या आजूबाजूला. २०२३ मध्ये दोन्ही कॅमेरे जाहीर झाले तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची (लेन्सशिवाय कॅमेऱ्याची) किंमत आर१००ची ४८० डॉलर, तर आर५०ची ६८० डॉलर होती. या २०० डॉलरांत काय काय गेलं ते बघा. मागचा स्क्रीन वळत नाही आणि त्याला टचही नाही. फोकसचा चौकोन हलवायचा तर बटणांनी सरकवत न्यावा लागतो, आणि मोबाइलची सवय असलेला माणूस सुरुवातीला त्या स्क्रीनवर उगाच बोटं मारत बसतो. प्रोसेसर जुना, डिजिक ८. माणसाचा चेहरा आणि डोळा तो पकडतो, पण कुत्रा, पक्षी किंवा गाडी ओळखणं आर५०लाच जमतं.

खरी गोम ४केमध्ये आहे. आर१०० ४के व्हिडिओ घेताना सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो, म्हणजे आणखी १.५५ पट क्रॉप (कडा कापून चौकट लहान होणं). किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सची) १८ मिमीची बाजू एरवी फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशेबाने २९ मिमी असते, ती इथे ४५ मिमीच्या आसपास जाते, म्हणजे दृश्य अरुंद होतं. हात लांब करून स्वतःला घ्यायला गेलात तर फ्रेममध्ये नुसतं तोंड! शिवाय ४केमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस (कॅननची झटपट फोकस साधणारी पद्धत) बंद होतो आणि फोकस पुढेमागे घुटमळत राहतो. आर५०मध्ये ४केला क्रॉप नाही आणि फोकसही चालू राहतो.

आमचं मत विचाराल तर आर१०० हा मुख्यतः जाहिरातीत ‘अमुक किमतीपासून पुढे’ लिहिण्यापुरता कॅमेरा आहे. त्याची किंमत वाचून माणूस दुकानात शिरतो आणि हातात घेऊन पाहिल्यावर आर५० घेऊन बाहेर पडतो. फक्त फोटोच काढायचे असतील आणि पैसे खरोखर मोजके असतील तर आर१०० घ्या, उरलेल्या पैशांत ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). व्हिडिओचा जरासा जरी विचार असेल तरी घेऊ नका. आर५०चीही एक खोच आहे : कॅननचा जुना ४३० ईएक्ससारखा फ्लॅश त्यावर थेट चढत नाही, एडी-ई१ अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी तीस हजारांच्या आसपास डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) यायचा. आता तेवढ्यात नवा मिररलेस का मिळत नाही? (जळगाव)

कारण तेवढ्या किमतीचं गिऱ्हाईक मोबाइलने पळवलं. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले, २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत. संशोधनाचा आणि कारखान्याचा खर्च इतक्या कमी नगांवर वसूल करायचा म्हटल्यावर कंपन्या महाग मॉडेलकडेच वळणार. निकॉनचा डी३५०० २०१८ मध्ये लेन्ससकट ५०० डॉलरला आला होता. २०२२चा झेड३० लेन्ससकट ८५० डॉलर, आणि त्याला व्ह्यूफाइंडरसुद्धा (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही. भर उन्हात स्क्रीन दिसेनासा होतो तेव्हा ही उणीव कळते.

प्रश्न : आर५० आणि १८-४५ किट लेन्सने हॉलमधले हळदीचे फोटो हललेले किंवा दाणेदार येतात. कॅमेऱ्यात दोष आहे का? (नाशिक)

दोष नाही, लेन्समधून उजेडच कमी येतो. ४५ मिमीवर ही लेन्स एफ/६.३ पर्यंतच उघडते. एफ/१.८ची लेन्स तिच्या बारापट उजेड आत घेते. म्हणजे तोच शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) ठेवून किट लेन्सला आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारा आकडा, वाढला की दाणे येतात) ६४०० लागत असेल, तर ५० मिमी एफ/१.८ला साधारण ५०० पुरतो. किट लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, हळद लावणाऱ्या करवल्यांची धांदल थांबवत नाही.

तूर्त एवढं करा : डायल ‘Tv’वर (शटर आपण ठरवायचा मोड), शटर १/१०० सेकंद, आयएसओ ऑटो. नाचताना १/२५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून १/१०० सोयीचा. शटर मोड ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ ठेवा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक ठेवलात तर एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. फ्रेम रुंद चालणार असेल तर झूम न करता १८ मिमीवर उभे राहा, तिथे लेन्स एफ/४.५ पर्यंत उघडते.

लेन्स घ्यायची तर ५० मिमी सर्वांत स्वस्त, पण क्रॉपमुळे ती ८० मिमीसारखी वागते. छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि नवरीचे मामा-मामी कडेला कापले जातात. सिग्माची १८-५० एफ/२.८ २०२४ पासून कॅननच्या आरएफ माउंटमध्ये (आर मालिकेच्या बॉडीवर लेन्स बसते ती खाच) मिळते. लांबच्या टोकाला ती किट लेन्सच्या पाचपट उजेड देते. लग्नाची कामं घेणार असाल तर बॉडी बदलण्याआधी ही घ्या.

प्रश्न : जुना कॅनन एम५० स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? (कोल्हापूर)

पुढे आर मालिकेत जायचं असेल तर नको. एम५०चा ईएफ-एम माउंट कॅननने बंद केला आणि त्याच्या लेन्स आरएफ बॉडीवर बसवता येत नाहीत. त्या लेन्स सेन्सरपासून १८ मिमीच्या अंतरासाठी बनलेल्या, आरएफचं अंतर २० मिमी, म्हणजे मध्ये अडॅप्टरला जागाच उरत नाही. घरात ईएफ लेन्स (कॅननच्या डीएसएलआरच्या) पडून असतील तर मात्र अडॅप्टर लावून त्या एम५०वरही चालतील आणि उद्या आर५०वरही. कंपनीच्याच आकड्यानुसार एम५०मध्ये एका चार्जवर सुमारे २३५ फोटो निघतात, तेव्हा दुसऱ्या बॅटरीचे पैसे किमतीत धरा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, बिल नको असेल तर बराच स्वस्त देतो. (ठाणे)

कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ६०,००० च्या बिलात सुमारे ९,१५० रुपये कराचेच, त्यातलेच तो सोडतोय. पण बिल नसेल तर भारतातली वॉरंटी मागणार कशाच्या जोरावर? सोनीचा माल असेल तर मेनूची भाषा तिथेच तपासा, जपानी बाजारासाठीच्या बहुतेक बॉडींत फक्त जपानी असते. बॉडी, खोका आणि वॉरंटी कार्ड यांवरचा सीरियल नंबर जुळवून पाहा. किट फोडून लेन्स पांढऱ्या खोक्यात वेगळी विकत असतील तर तिची वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर तो कर तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतो, मग बिनबिलाच्या सवलतीत राहिलं काय?